तोतलाडोह: धरणाची पातळी, धानाची रोवणी आणि रात्रीचे जाळे

पेंच नदी उन्हाळ्यात आटली की तिच्या खडकाळ पात्रात जागोजाग डोह उरतात. एप्रिलअखेर बाकीचे पात्र कोरडे पडते, पण डोहांतले पाणी टिकते आणि सातपुड्याच्या दक्षिण उतारावरची जनावरे त्यांच्याच आधाराने पावसाळा गाठतात. तोतलाडोह या नावात असाच एक डोह आहे. धरण झाल्यावर तिथे ७२ चौरस किलोमीटरचा जलाशय उभा राहिला. त्यातला सुमारे ५४ चौरस किलोमीटर भाग मध्य प्रदेशात आणि उरलेला महाराष्ट्रात, नागपूर जिल्ह्यात आहे. दोन्ही बाजूंना व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे. खाली धानाची शेती आणि नागपूर शहर आहे. काठाच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगलेली कुटुंबे आहेत.

या जलाशयातल्या मासेमारीच्या वादाकडे नेहमी 'वनरक्षक विरुद्ध अवैध मासेमार' या नजरेने पाहिले जाते. आमच्या मते ही मांडणी अपुरी आहे. इथे कोण कधी अडचणीत येणार हे मुख्यतः पाण्याची पातळी ठरवते, आणि ती पातळी ठरवणारा जलसंपदा विभाग ना वन्यजीव सांभाळतो ना मासेमारी.

पाणी कुठून कुठे जाते

तोतलाडोहचे धरण ७४.५ मीटर उंच आणि ६८० मीटर लांब आहे. सांडव्यावर १४ दरवाजे आहेत. उपयुक्त साठा सुमारे १,०१६ दशलक्ष घनमीटर (दलघमी), म्हणजे ढोबळ ३६ टीएमसी (अब्ज घनफूट). जलाशय १९८६-८७च्या सुमारास भरू लागला. धरणाच्या वीजगृहात ८० मेगावॉटचे दोन संच आहेत. त्यांतली वीज मध्य प्रदेशाला दोन भाग आणि महाराष्ट्राला एक भाग अशी वाटली जाते.

सिंचनाचे पाणी तोतलाडोहमधून थेट कालव्यात जात नाही. ते वीजगृहातून खालच्या नवेगाव खैरी धरणात उतरते. हे धरण छोटे आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे १४२ दलघमी आणि दरवाजे १६. उजवा व डावा कालवा इथून निघतात आणि नागपूर व भंडारा जिल्ह्यांतल्या सुमारे १ लाख ४ हजार हेक्टर लाभक्षेत्राकडे जातात. नागपूरचे पिण्याचे पाणी आणि कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांचे पाणी याच साखळीतून जाते. म्हणजे वरचे धरण ही कोठी आहे आणि खालचे रोजच्या वापराचा रांजण. रांजणाची पातळी बरीचशी स्थिर ठेवावी लागते, कारण कालव्याच्या मुखाशी ठरावीक उंचीचे पाणी हवे असते. कोठी मात्र वर्षभरात भरते आणि रिकामी होते. मासेमारीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या फरकातच आहे. त्याकडे पुढे येऊ.

धरण आणि राष्ट्रीय उद्यान जवळपास एकाच काळात आकाराला आले, हे विसरून चालत नाही. महाराष्ट्राने १९७५ मध्ये पेंचचे सुमारे २५७ चौरस किलोमीटर जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केले. मध्य प्रदेशात १९७७ मध्ये अभयारण्य आणि १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. तिथला व्याघ्र प्रकल्प १९९२चा, इकडचा १९९९चा. जंगलाला संरक्षण मिळत असतानाच त्याचा मधला, नदीकाठचा, सर्वांत सुपीक पट्टा पाण्याखाली जात होता.

एका आवर्तनाचा हिशेब

कालव्याचे आवर्तन, म्हणजे ठरावीक दिवस पाणी सोडण्याची पाळी, ठरवताना अधिकारी क्युसेक (सेकंदाला घनफूट) आणि दिवस बोलतात. जंगलातल्या माणसाने तेच पाणी सेंटीमीटरमध्ये मोजायला हवे. हिशेब अवघड नाही. १ क्युसेक पाणी दिवसभर सोडले की सुमारे २,४४७ घनमीटर होते. १,५०० क्युसेकचे १५ दिवसांचे आवर्तन धरले तर सुमारे ५५ दलघमी पाणी जाते.

जलाशय पूर्ण भरलेला असताना, ७२ चौरस किलोमीटरवर, एवढ्या पाण्याने पातळी साधारण ७६ सेंटीमीटर उतरेल. तेच आवर्तन उन्हाळ्यात दिले आणि पाण्याचा पसारा आकसून ३० चौरस किलोमीटर उरला असे उदाहरणादाखल धरले, तर उतार १ मीटर ८० सेंटीमीटरच्या वर जातो. बाष्पीभवन यात धरलेलेच नाही. ७२ चौरस किलोमीटरवरचा एक मिलिमीटर म्हणजे ७२ हजार घनमीटर. विदर्भाच्या उन्हात दिवसाला काही मिलिमीटर सहज उडतात.

म्हणजे शेताला तेवढेच पाणी मिळते, पण काठावरचा परिणाम महिन्यागणिक वाढत जातो. नोव्हेंबरातले आवर्तन काठाला जाणवतही नाही. मे महिन्यातले आवर्तन उथळ भागात किनाऱ्याची रेषा शेकडो मीटर मागे ढकलते. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून रब्बी आणि उन्हाळी पाळ्या ठरतात. त्या टिपणात प्रत्येक पाळीपुढे 'अपेक्षित पातळी, मीटरमध्ये' एवढा एक रकाना वाढवला तरी वन विभागाला सहा महिन्यांचे वेळापत्रक आधीच हाती पडेल. जलाशयाचा पातळी-क्षेत्रफळ-साठा तक्ता जलसंपदा विभागाकडे असतोच. नवे सर्वेक्षण लागत नाही.

पाणी उतरते तेव्हा जंगलाला काय मिळते

बुडीत क्षेत्र म्हणजे जंगलाचे निव्वळ नुकसान, असा सरसकट समज आहे. पेंचमध्ये ते अर्धेच खरे आहे. जानेवारीनंतर पाणी मागे सरकते, ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि त्यावर कोवळे गवत उगवते. सागाचे जंगल पानगळीने उघडेबोडके झालेले असताना, डोंगरावरचे गवत वाळून काडी झालेले असताना, हिरवा चारा फक्त इथेच असतो. चितळांचे मोठे कळप उन्हाळ्यात या पट्ट्यात उतरतात. गवे आणि सांबर पाण्यासाठी येतात. त्यांच्यामागे वाघ, बिबट आणि रानकुत्री येतात. पेंचमधल्या भक्ष्याच्या घनतेत या उघड्या पडणाऱ्या गाळाचा वाटा मोठा आहे.

हे गवत वरून खाली टप्प्याटप्प्याने येते. पाणी हळू उतरले तर दर आठवड्याला ओल्या मातीची नवी पट्टी उघडी पडते आणि कोवळा चारा जूनपर्यंत पुरतो. पाणी झपाट्याने उतरले तर एकदम मोठा चिखल उघडा पडतो, उन्हाने तडकतो आणि गवत धरण्याआधीच कडक होतो. शिवाय खोलगट जागी डबकी तुटून मागे राहतात. त्यांत अडकलेले मासे आठवड्याभरात मरतात. चिखलात रुतणारी जनावरे हाही अशा उताराचा धोका आहे, विशेषतः पाण्यासाठी घाईने उतरणारी पिल्ले.

बेटांचा प्रश्न निराळा. जलाशयातली टेकाडे पाण्याने वेढलेली असतात तोवर ती मगरी, कासवे आणि पाणपक्ष्यांना विसाव्याची जागा देतात. नदी सुरय हा पाणपक्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून उघड्या रेताड-खडकाळ जागी जमिनीवरच अंडी घालतो. पाणी इतके उतरले की बेट काठाला जोडले गेले, तर कोल्हा आणि गावकुत्रा चालत तिथे पोहोचतो. कोणते बेट किती मीटर पातळीला काठाला जोडले जाते, ही यादी एकदाच करून ठेवायची असते. ज्या वर्षी वाट आधी उघडी पडेल असे दिसते, त्या वर्षी तेवढ्या आठवड्यांपुरता पहारा तिकडे वळवता येतो.

मासेमारी: हक्क, परवाने आणि बंदी

धरणात मासळी वाढली तशी मासेमारीही वाढली. विस्थापित गावांतले आदिवासी, काठाचे ढीवर (मासेमारी करणारा समाज) आणि धरणाच्या कामावर आलेले व काम संपल्यावरही तोतलाडोहच्या वसाहतीत राहिलेले मजूर, हे सारे पाण्यावर जगू लागले. कायद्याने बघितले तर राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो आणि मासेमारीला जागा उरत नाही. पण उद्यानाची अंतिम अधिसूचना निघण्याआधी स्थानिकांचे हक्क तपासून निकाली काढावे लागतात, आणि तेच काम लांबले होते.

मध्य प्रदेशाने उद्यानातून उठवलेल्या आदिवासींना मासेमारीचे ३०५ परवाने दिले. त्याला ॲनिमल अँड एन्व्हायर्नमेंट लीगल डिफेन्स फंड या संस्थेने आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च १९९७ रोजी निकाल दिला. परवाने रद्द झाले नाहीत. जंगलाचे रक्षण हवेच, पण तिथून उठवलेल्यांच्या पोटाचाही विचार हवा, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आणि अटी घातल्या. छायाचित्रासह ओळखपत्र, आत जाणाऱ्याची आणि पकडलेल्या माशांची रोजची नोंद, ठरलेल्या रस्त्यानेच ये-जा, काठावर स्वयंपाकासाठी आग पेटवायची नाही, बेटांवर पाय ठेवायचा नाही. अंतिम अधिसूचना लवकर काढा, असेही राज्याला सांगितले.

या अटी आजही कोणत्याही संरक्षित जलाशयासाठी नमुना म्हणून वाचण्यासारख्या आहेत. मासेमारीने नेमके काय बिघडते याची यादीच त्यांत आहे. मासा कमी होतो हा त्यातला सर्वांत लहान तोटा. मोठा तोटा चुलीच्या आगीचा, तोडलेल्या लाकडाचा, बेटावरच्या मुक्कामाचा आणि रात्रीच्या ये-जा करण्याचा आहे. जाळे घेऊन आलेल्या माणसाच्या वाटेने दुसरा कोणी फासा घेऊनही येऊ शकतो.

मात्र जलाशय एक आणि राज्ये दोन. एका बाजूला परवाना, दुसऱ्या बाजूला बंदी, आणि मध्ये पाण्यावर रेषा नाही. महाराष्ट्राच्या बाजूला अवैध मासेमारी आवरणे त्यामुळे आणखी कठीण झाले. २००२ मध्ये तोतलाडोहची वसाहत उठवण्यात आली. वस्ती गेली, तरी मासेमारी थांबली नाही. ती आजूबाजूच्या गावांतून, रात्री, लपून होऊ लागली. वनकर्मचारी आणि मासेमार यांच्यात झटापटी झाल्या, गस्तीसाठी बोटी आल्या, पुढे विशेष व्याघ्र संरक्षण दल आले. २००६च्या वनहक्क कायद्याने जलाशयातल्या मासळीवरचा सामुदायिक हक्क मान्य केला आहे, हेही इथे नोंदवायला हवे. दावा कुठे, कोणाचा आणि कशाच्या पुराव्यावर टिकतो हे ग्रामसभेच्या पातळीवर तपासावेच लागते. 'बंदी आहे' एवढे सांगून तो विषय मिटत नाही.

गस्त का कमी पडते

मार्च ते जून हा सगळ्यांच्याच ताणाचा काळ. पाणी आकसते तसा मासा खोल भागात दाटीने गोळा होतो. त्याच जाळ्याला दुप्पट-तिप्पट मासा लागतो, म्हणून चोरून जाण्याचा धोका परवडतो. नेमक्या त्याच वेळी काठावर जनावरे सर्वांत जास्त असतात आणि वणव्यांमुळे वनकर्मचारी डोंगरावर अडकलेले असतात. गस्तीच्या बोटीलाही तेव्हाच अडचण येते. धक्क्यापासून पाणी दूर गेलेले असते. बुडालेल्या झाडांचे बुंधे पृष्ठभागाच्या जवळ येतात आणि इंजिनाचा पंखा त्यावर आपटतो. डोंगा किंवा हवा भरलेली रबरी ट्यूब घेऊन आलेला माणूस मात्र वीतभर पाण्यातूनही निसटतो.

यावर उपाय साधे आहेत, पण ते डिसेंबरातच करावे लागतात. बोटीचा धक्का तरंगता किंवा सरकवता येणारा हवा. बुंध्यांच्या जागा पाणी कमी असतानाच नकाशावर टिपून ठेवायच्या. उथळ पाण्यासाठी सपाट तळाची, वल्ह्याची होडी वेगळी ठेवायची. आकडा दोरीला बांधून खोल भागातून ओढत नेला की पाण्यात सोडलेली जाळी वर येतात. ही ओढणी दर आठवड्याला व्हावी, कारण नायलॉनचे बेवारस जाळे कुजत नाही. कासव आणि पाणमांजर त्यात अडकले की श्वासाला वर येऊ शकत नाहीत आणि बुडून मरतात. पकडलेल्या प्रत्येक जाळ्याचा आस (जाळ्याच्या डोळ्याचा आकार), लांबी, ठिकाण आणि त्या दिवशीची पातळी लिहून ठेवावी. दोन हंगामांच्या नोंदींतून कोणत्या पातळीला कोणत्या खाडीत जाळे पडते हे स्पष्ट दिसू लागते. आस बारीक होत गेला तर मोठा मासा संपत चालला आहे, हेही त्याच वहीतून कळते.

चौराईनंतर

वरच्या बाजूला छिंदवाडा जिल्ह्यात माचागोरा येथे चौराई धरण झाले. त्याची क्षमता सुमारे ४२१ दलघमी. ते आधी भरते, मग तोतलाडोहला पाणी येते. चांगल्या पावसाळ्यात हा फरक जाणवत नाही. कमी पावसाच्या वर्षी मात्र तो थेट उपयुक्त साठ्यातून वजा होतो. २०१९च्या जुलैमध्ये तोतलाडोहचा उपयुक्त साठा संपला आणि नागपुरात एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. त्याच वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात धरण भरले. पुढच्या वर्षी, २०२०च्या ऑगस्टअखेर, वरून आलेला पूर दोन्ही धरणांतून खाली सोडावा लागला आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरले.

शहर आणि शेत यांच्या वाटणीबद्दल यावर खूप लिहिले गेले. माशांबद्दल जवळपास काहीच नाही. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पहिल्या पुराचे वाहते, गढूळ पाणी आणि काठचे उथळ पूरक्षेत्र लागते. जुलैतला पहिला लोंढा वरच्या धरणात अडला तर खालच्या जलाशयातली वीण उशिरा होते किंवा चुकते. चौराईतून पावसाळ्याच्या सुरुवातीला काही दिवसांचा लहानसा विसर्ग ठरवून सोडणे हा आंतरराज्य बोलणीचा विषय व्हायला हवा. नागपूरच्या धानपट्ट्यालाही तो उपयोगी आहे. रोवणी अडते ती जुलैतच, पऱ्हे (धानाची रोपे) तयार असतात आणि बांधीत पाणी नसते.

पोटाचा पर्याय खालच्या पाण्यात

आता नवेगाव खैरीकडे. मासेमार कुटुंबांना वरच्या जलाशयापासून दूर ठेवायचे असेल तर त्यांना दुसरे पाणी द्यावे लागेल, आणि या भागात ते आहे. रामटेक-पारशिवनी-मौदा पट्ट्यात मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांनी बांधलेले गावतलाव) आहेत, खिंडसी तलाव आहे, आणि नवेगाव खैरीची बऱ्यापैकी स्थिर पातळी आहे. तिचा वरचा काठ जंगलाला लागून आहे, म्हणून जागा धरणाच्या बाजूची निवडावी.

पिंजऱ्यातल्या मत्स्यशेतीला स्थिर पातळीच लागते. नेहमीचा पिंजरा ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ४ मीटर खोल. जाळ्याच्या तळाखाली सर्वांत कमी पातळीलाही किमान ५ मीटर पाणी राहायला हवे, नाहीतर विष्ठा आणि उरलेले खाद्य तळाशी साचते, प्राणवायू घटतो आणि पहाटेच्या वेळी मासा वर येऊन तोंड उघडू लागतो. तोतलाडोहसारख्या वर्षाला अनेक मीटर उतरणाऱ्या जलाशयात पिंजरे ठेवले तर मे महिन्यात ते चिखलावर टेकतील. पंगसस या माशाचे बीज टाकले तर घनमीटरला ५० ते १०० नग धरतात, आणि किलोभर मासळीमागे दीड किलोच्या आसपास खाद्य लागते. सर्वांत मोठा खर्च तोच. पिंजरा फुकट मिळाला आणि दुसऱ्या हंगामाच्या खाद्याला भांडवल नसले की संस्था बंद पडते. योजना आखताना अनुदान पिंजऱ्यावर संपवू नये, दोन हंगामांच्या खाद्याचे खेळते भांडवल बाजूला काढावे. पंगससचा एकही पिंजरा फाटू देऊ नये. तो इथला मासा नाही.

मालगुजारी तलावांत काम स्वस्त आहे. तिथे गावच्या ढीवर संस्थेला ठेका देताना बीज बोटुकलीच्या आकाराचेच, ८० ते १०० मिलिमीटरचे घ्यायला लावावे. मत्स्यजिरे (अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्ले) किंवा बारीक बीज स्वस्त पडते, पण मरळ आणि पाणपक्षी ते आठवड्यात संपवतात. बीज सोडण्याची वेळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, सांडवा वाहायचा थांबल्यावर. जुलैत सोडलेले बीज पुरासोबत खालच्या नाल्यात जाते आणि संस्थेच्या हाती फक्त पावती राहते. तलाव मार्चमध्ये आटतात, मासा डिसेंबर ते फेब्रुवारीत काढला जातो. म्हणजे वरच्या जलाशयावरचा ताण सुरू होतो त्या मार्चमध्येच या कुटुंबांकडे काम नसते. ही फट भरायची असेल तर पिंजऱ्यातली काढणी मार्च ते मे महिन्यांत येईल असे बीज टाकायचे, आणि वन विभागाने वणवा-पहाऱ्याची, जाळी ओढण्याची, बोट चालवण्याची हंगामी मजुरी याच घरांना द्यायची. पाणी कुठे खोल आहे, बुंधे कुठे आहेत, कोणत्या खाडीत रात्री वारा पडतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

पाळ्यांच्या बाबतीत एवढेच मागणे आहे. उन्हाळी पिकांचे पाणी शक्य तेवढे मार्चमध्ये, पसारा मोठा असताना द्यावे, आणि एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर फक्त शहर आणि वीज केंद्रांपुरते, रोज सारख्या प्रमाणात उतरवावे. त्या सहा आठवड्यांत बेटांवर अंडी आणि पिल्ले असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती उडायला लागली की धानाच्या पऱ्ह्यांसाठी पाणी लागले तर सोडायला हरकत नाही.